पेटी हलणार नाही, कीबोर्ड हलवा

गणपती तोंडावर आले की रत्नागिरी, लांजा, संगमेश्वर, चिपळूण अशा सगळीकडून वाचकांचे एकाच जातीचे प्रश्न येतात. ‘बुवांची पेटी काळी दोनमध्ये, मीही काळी दोनच लावली, तरी दोन्ही वाद्यं एकमेकांशी भांडल्यासारखी का वाजतात?’ ‘लॅपटॉपवर ट्रान्सपोज केलं तर ऑक्टापॅडचे आवाज का बदलले?’ ‘मित्र कॉर्ड धरतो. त्यावर माझे सूर आपोआप बसवून देणारं काही मिळतं का?’

कारण उघड आहे. मुंबईहून येणारा चाकरमानी नवा कीबोर्ड घेऊन उतरतो आणि वाडीत वर्षभर कपाटावर बसलेली पेटी आरतीपुरती खाली येते. जाखडीच्या नाचात, नमनात, बेंजो पार्टीत, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात आता कीबोर्ड सर्रास असतो. संगीत नाटकात पायपेटीची जागाही बऱ्याच ठिकाणी ऑर्गनचा आवाज लावलेल्या कीबोर्डने घेतली आहे. वाद्यं एकत्र आली, पण ती जुळवायची कशी हे कुणी शिकवत नाही. क्लासमध्ये गाणं शिकवतात, जुळणी नाही.

तुमच्या प्रश्नांत दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, दोन्ही वाद्यांचा ‘सा’ एक आहे का? दुसरी, समोरचा जे वाजवतो आहे त्याला शोभतील असे सूर तुमच्याकडून जातात का? पहिलीचा निकाल लागल्याशिवाय दुसरीकडे जाऊ नका. बहुतेकांचं गाडं पहिलीतच अडलेलं असतं आणि ते सॉफ्टवेअर शोधत बसतात.

कुणी कुणाशी जुळवून घ्यायचं?

यावर तालमीत वाद नको. पट्टी गाणाऱ्याच्या गळ्याची, पेटी त्याच्या हाताखालची, आणि पेटीच्या पितळी पत्त्या म्हणजे रीड कार्यक्रमाच्या आधी तासभर कुणी घासायला घेत नाही. कीबोर्डचा सूर मात्र बटणावर वरखाली होतो. तेव्हा जुळवून घ्यायचं काम कीबोर्डवाल्याचं. तुमचं वाद्य पन्नास हजारांचं आणि बुवांची पेटी आजोबांच्या काळची असली, तरीही.

मंचावर बासरी किंवा शहनाई असेल तर तिची पट्टी पेटीवाल्याशी आधी ठरलेली असते. तुम्ही त्या दोघांच्या मागून जा.

पट्टी विचारा, बोटं बघू नका

पेटीवाल्याची बोटं बघून पट्टी ओळखायची सवय मोडा. साध्या पेटीत ते चालतं, पण ‘स्केल चेंजर’ पेटीत पट्ट्यांचा सगळा संच आडवा सरकतो. वाजवणारा पांढरी एकवरून ‘सा’ धरतो आणि आवाज काळी तीनचा येतो. त्याच्यासाठी हे सोयीचं, बघणाऱ्याची मात्र फसगत. पेटीवाल्याला ‘सा’ दाबून धरायला सांगा आणि कानाने किंवा मोबाइलवरच्या ट्यूनर ॲपने तो कोणता सूर आहे ते पाहा.

ट्यूनर इंग्रजी अक्षरं दाखवतो, म्हणून ही यादी जवळ असू द्या. कंसातला आकडा ट्रान्सपोजचा:

- पांढरी एक: सी (०)
- काळी एक: सी शार्प (+१)
- पांढरी दोन: डी (+२)
- काळी दोन: डी शार्प (+३)
- पांढरी तीन: ई (+४)
- पांढरी चार: एफ (+५)
- काळी तीन: एफ शार्प (+६ किंवा −६)
- पांढरी पाच: जी (−५)
- काळी चार: जी शार्प (−४)
- पांढरी सहा: ए (−३)
- काळी पाच: ए शार्प (−२)
- पांढरी सात: बी (−१)

पांढरी पाचपासून पुढे उणे आकडे दिले आहेत ते मुद्दाम. +७ लावलं तरी ‘सा’ तोच मिळतो, पण सगळा आवाज वरच्या सप्तकाकडे जातो आणि पियानो, स्ट्रिंग्ज पातळ वाटू लागतात.

ट्रान्सपोज: एकदाच, एकाच ठिकाणी

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ट्रान्सपोजचा अर्थ असा की तुम्ही पांढरी एकवरूनच वाजवायचं आणि वाद्याने ते बुवांच्या पट्टीत काढायचं. पुष्कळ जण +३ लावतात आणि वर ‘सा’ही काळी दोनवरून धरतात. मग त्यांचा ‘सा’ निघतो काळी तीनमध्ये. एक काही तरी करा: बोटांनी पट्टी बदला, नाहीतर बटणाने.

कीबोर्ड लॅपटॉपला जोडला की घोळ दुप्पट होतो. १९८३ साली आलेली मिडी ही पद्धत आवाज पाठवत नाही. कोणती पट्टी, किती जोरात, कधी दाबली आणि कधी सोडली, एवढाच निरोप पाठवते. प्रत्येक पट्टीला ० ते १२७ मधला एक क्रमांक असतो आणि मधल्या सप्तकाची पांढरी एक म्हणजे ६०. काही कीबोर्ड ट्रान्सपोज लावल्यावर बाहेर जाणारा क्रमांकही बदलतात, तर काही फक्त आपल्या पोटातला आवाज बदलतात. तुमच्याकडे पहिल्या जातीचा असेल आणि लॅपटॉपवरही +३ असेल, तर +६ झालं.

तपासायला दोन मिनिटं लागतात. कीबोर्डवर +३ लावा, मधली पांढरी एक दाबा आणि लॅपटॉपवर येणारा क्रमांक पाहा. ६३ दिसला तर ट्रान्सपोज बाहेर जातं आहे, ६० दिसला तर नाही. एकदा खात्री करून घ्या आणि कीबोर्डच्या पाठीला चिठ्ठी चिकटवून टाका.

ऑक्टापॅडचं कोडंही इथेच सुटतं. ठरलेल्या संकेतानुसार तालवाद्यं १० क्रमांकाच्या चॅनेलवर असतात आणि तिथे क्रमांक म्हणजे सूर नसतो, वाद्य असतं: ३६ म्हणजे बास ड्रम, ३८ म्हणजे स्नेअर. त्या चॅनेललाही +३ लागलं की स्नेअरच्या जागी भलतंच काही वाजतं. सॉफ्टवेअरमध्ये ट्रान्सपोज सगळ्या प्रोजेक्टला न लावता फक्त सुरांच्या ट्रॅकला लावा.

संगीत नाटकाला साथ करणाऱ्यांसाठी एक जादा सूचना. नायक काळी एकला गातो, नायिका पांढरी पाचला, मधेच एखादं द्वंद्वगीत तिसऱ्याच पट्टीत. खल्वायनसारख्या संस्थेमुळे रत्नागिरीत संगीत नाटकाची तालीम आजही होते, आणि अशा तालमीत प्रत्येक पदाची पट्टी संहितेच्या समासात पेन्सिलीने लिहिण्याला पर्याय नाही. कीबोर्डची रजिस्ट्रेशन मेमरी वापरत असाल तर तिच्यात ट्रान्सपोज जतन होतं की नाही हे आधी पाहा. काही मॉडेलांत होतं, काहींत आवाज तेवढा बदलतो आणि पट्टी मागच्या पदाचीच राहते.

पट्टी तीच, तरी सूर लागत नाही? मग सेंट मोजा

आता पहिला प्रश्न: दोघेही काळी दोनमध्ये असून भांडण का? कारण नव्या कीबोर्डची मधली पांढरी सहा ४४० हर्ट्झवर बसवलेली असते. जुनी पेटी त्या मापावर असेलच असं नाही. काही चढ्या असतात, काही उतरलेल्या. कोकणातली दमट हवा, रीडवर चढलेली पूट, सैल पडलेला भाता, कुणा कारागिराने घाईत घासलेली पत्ती, सगळ्याचा हिशेब त्या सुरात असतो.

दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे १०० भाग केले की एक भाग म्हणजे एक सेंट. पाच सेंटचा फरक सहसा कुणाला जाणवत नाही. पंधरा-वीस सेंटचा फरक श्रोत्याला नेमका सांगता येत नाही, पण ‘आज काही रंगलं नाही’ असं त्याला वाटत राहतं.

असं करा:

१. पेटीचे खर्ज आणि नर असे दोन्ही संच चालू असतील तर एक खटका बंद करायला सांगा. दोन पत्त्या एकदम वाजल्या की ट्यूनर गोंधळतो.

२. भाता कार्यक्रमात मारतात तसाच मारायला सांगा. हवेचा दाब वाढला की मोकळ्या पत्तीचा सूर किंचित उतरतो; हलक्या हाताने मोजलेला आकडा भर गाण्यात टिकत नाही.

३. मंद्र, मध्य आणि तार असे तिन्ही ‘सा’ मोजा. तिन्ही सारखे नसतील तर मधल्या सप्तकाचा धरा, गाणं तिथे जास्त असतं.

४. ट्यूनरने दाखवलेले सेंट कीबोर्डच्या ‘मास्टर ट्यून’मध्ये भरा. तिथे हर्ट्झ विचारत असेल तर: +१० सेंटला ४४२.५, +२० ला ४४५.१, +३० ला ४४७.७, उतरलेल्या पेटीसाठी −१० ला ४३७.५, −२० ला ४३४.९, −३० ला ४३२.४.

५. शेवटचा निकाल कानाचा. दोघांनी एकच ‘सा’ धरा. सुरात ‘वाँव वाँव’ अशी लाट ऐकू येते ती दोन सुरांतल्या फरकाची: सेकंदाला पाच लाटा म्हणजे पाच हर्ट्झचा फरक. मास्टर ट्यून एकेक घर सरकवत जा. लाट लांबत जाते आणि जुळल्यावर थांबते.

पेटी काळी दोनपेक्षा पन्नास सेंटहून जास्त चढी निघाली, तर पांढरी तीन धरून तिथून खाली या.

मास्टर ट्यून लावायचं ते आवाज जिथे तयार होतो तिथे. आवाज लॅपटॉपमधला असेल तर कीबोर्डवर ४४५ लावून काही उपयोग नाही, कारण मिडीचा क्रमांक ६३ हा ६३च राहतो. लॅपटॉपमध्ये प्रत्येक वाद्याचं ट्यूनिंग वेगळं असेल तर प्रत्येकात जाऊन बदला. स्ट्रिंग्ज जुळवलेल्या आणि बासरीचा आवाज तसाच ४४०वर, हा प्रकार फार ऐकायला मिळतो.

गांधाराचं दुखणं

‘सा’ तंतोतंत जुळला तरी कधी कधी गांधार टोचतो. त्यात तुमची चूक नसते. कीबोर्डमध्ये बारा स्वर समान अंतरावर बसवलेले असतात. तानपुऱ्यावर मुरलेल्या गळ्याचा शुद्ध गांधार त्याहून १४ सेंट खाली लागतो, शुद्ध धैवत १६ सेंट खाली. पंचमात फरक जेमतेम दोन सेंटचा. हे भांडण जुनं आहे: याच मुद्द्यावरून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीलाच बंदी घातली होती, आणि याच मुद्द्यावर डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी घडवली.

तुम्हाला निर्णयापुरतं एवढं पुरे:

- बुवा आलाप घेत असतील तेव्हा कीबोर्डवर फक्त सा-प धरा. गांधार त्यांचा त्यांना लावू द्या.
- कीबोर्डमध्ये ‘स्केल ट्यून’ असेल आणि तुम्ही एकेरी सूरच वाजवणार असाल, तर ‘सा’च्या हिशेबाने रे +४, ग −१४, म −२, प +२, ध −१६, नी −१२ असं लावता येतं.
- कॉर्ड वाजवणार असाल तर हे अजिबात लावू नका. रे आणि ध यांच्यातलं अंतर त्यामुळे २० सेंटने आखूड होतं आणि रे-म-ध किंवा रे-तीव्र म-ध हे कॉर्ड ऐकवत नाहीत.

कॉर्ड निवडताना रागाबाहेर पाऊल नको

पेटीवाला सहसा कॉर्ड वाजवत नाही, चाल वाजवतो. खालचा आधार तुम्ही शोधायचा असतो. सिनेगीतात बसलेले हात तिथे सी-एफ-जी असे तीन कॉर्ड फिरवू लागतात आणि भूपातला अभंग बघता बघता दुसऱ्याच कुठल्या तरी रागात जातो.

भूपात मध्यम आणि निषाद नाहीत. पांढरी एकचा ‘सा’ धरला तर एफच्या कॉर्डमध्ये मध्यम येतो आणि जीमध्ये निषाद. उरतात दोन: सा-ग-प म्हणजे सी मेजर आणि ध-सा-ग म्हणजे ए मायनर. दोन कॉर्डवर अख्खा अभंग काढायला संयम लागतो, पण तो काढा. यमनात एफ नको, कारण मध्यम तीव्र आहे. तिथे रे-तीव्र म-ध हा डी मेजर शोभतो, तोही जपून. शेवटच्या भैरवीत सी मायनर, एफ मायनर, डी फ्लॅट मेजर हे घरचे. भैरवी गाणारा मधेच शुद्ध रिषभ लावून जातो. त्या जागी कॉर्ड सोडून द्या, फक्त ‘सा’ राहू द्या.

देसमध्ये जाताना शुद्ध निषाद आणि येताना कोमल. म्हणजे सात स्वरांची पट्टी ठरवून बाकीचे स्वर बंद करणारी यंत्रं इथे थेट रागावर घाला घालतात. अशा रागाला यंत्रात दोन्ही निषाद उघडे ठेवा.

मित्राच्या कॉर्डवर आपले सूर बसवायचे असतील तर

आता तिसरा प्रश्न. हे होतं, पण प्रत्येक मार्गाची किंमत वेगळी.

पहिला मार्ग: कागद आणि डोळे. कॉर्डचा कागद दोघांपुढे, आणि बसायची जागा अशी की मित्राचा डावा हात दिसेल. तालीम दोन-तीनदा झाली की यंत्राची गरज सहसा उरत नाही. फुकट आहे आणि वीज गेली तरी बंद पडत नाही. माझं मत विचाराल तर आरती-भजनाला यापुढे जाऊच नका.

दुसरा मार्ग: अरेंजर कीबोर्ड. यामाहाच्या पीएसआर-एस आणि एसएक्स मालिकेतल्या वरच्या मॉडेलांत मिडीच्या मेनूमध्ये ‘कॉर्ड डिटेक्ट’ आहे. कॉर्गच्या पीए मालिकेत त्यासाठी वेगळा कॉर्ड चॅनेल ठरवता येतो. मित्राच्या कीबोर्डचं मिडी आउट तुमच्या मिडी इनला जोडलं आणि दोघांचा चॅनेल एक केला, की त्याने धरलेला कॉर्ड तुमच्या वाद्याला कळतो. ऱ्हिदम, बास त्यामागे जातात आणि तुम्ही उजव्या हाताने वाजवलेल्या सुराला ‘हार्मनी’चे जोडसूर त्याच कॉर्डमधले मिळतात. ऑर्केस्ट्रावाल्यांनी हा मार्ग जरूर करून पाहावा.

जोडण्याआधी मागची भोकं बघा. पाच पिनांचं गोल मिडी असेल तर दोन कीबोर्ड थेट जोडता येतात. फक्त ‘यूएसबी टू होस्ट’ असेल तर दोघांमध्ये साधी यूएसबी केबल टाकून काही होत नाही. मधे लॅपटॉप किंवा यूएसबी होस्टचं छोटं उपकरण लागतं.

तिसरा मार्ग: लॅपटॉप. दोन्ही कीबोर्ड लॅपटॉपला, दोन वेगळ्या चॅनेलवर. एबलटन लाइव्हमधलं ‘स्केल’ किंवा लॉजिकमधलं ‘ट्रान्सपोझर’ तुमचे सूर ठरलेल्या पट्टीत ओढून बसवतं. पण नीट समजून घ्या: ते मित्राचा कॉर्ड ऐकत नाहीत, तुम्ही आधी भरलेली पट्टी पाळतात. क्षणोक्षणी कॉर्ड ऐकून तुमचा सूर हलवायचा असेल तर त्यासाठीचं वेगळं मिडी प्लगइन घ्यावं लागतं किंवा मॅक्स फॉर लाइव्हसारख्या साधनात बनवून घ्यावं लागतं.

आणि मग ते काय करतं ते पाहा. मित्राने सा-ग-प धरला आहे, तुम्ही रे दाबला. रेपासून सा दोन अर्धस्वर खाली, ग दोन अर्धस्वर वर. यंत्राने कुठे जायचं? तुम्ही सांगितलं नाही तर ते आपल्या मनाने जाईल, म्हणून ‘बरोबरी झाली तर खाली’ असा नियम आधीच भरून ठेवा. तो भरला तरी तुमची ‘रे ग रे’ ही जागा ‘सा ग सा’ होऊन बाहेर पडेल. म्हणून वाटणी अशी ठेवा: बास कॉर्डच्या मूळ स्वरावर, लांब धरलेल्या स्ट्रिंग्ज कॉर्डच्या स्वरांवर, ऑक्टापॅडच्या सुरेल घरांनाही हेच. चाल मात्र रागाच्या पट्टीपुरती बांधा, आणि हात तयार असेल तर तीही मोकळी सोडा.

चौथा मार्ग: पेटीसमोर माइक. माइकवरून पेटीचे सूर ओळखून त्यांचं मिडी करणारी सॉफ्टवेअरं आहेत. घरी गंमत म्हणून करा. मंचावर त्याच माइकमध्ये झांजा, पखवाज, टाळ्या सगळं शिरतं. पेटीचा कपलर चालू असेल तर एका सुराचे दोन दिसतात. खालचे सूर ओळखायला वेळ लागतो. पैसे यात घालू नका.

नेमके कुठे अडखळाल?

*अडकलेला सूर.* तुम्ही रे दाबला, यंत्राने तो सा करून वाजवला. तुम्ही बोट उचलण्याआधी मित्राचा कॉर्ड बदलला. आता बोट उचलल्याचा निरोप यंत्राने नव्या हिशेबाने पाठवला, तर जुना सा कुणी बंदच करत नाही आणि तो गजर संपेपर्यंत वाजत राहतो. चांगली प्लगइनं कोणता सूर कुठे नेला ते लक्षात ठेवतात. विकत घेण्याआधी हीच परीक्षा घ्या: सूर धरून ठेवा, कॉर्ड बदलायला सांगा, मग सोडा. आणि ‘पॅनिक’ किंवा ‘ऑल नोट्स ऑफ’चं बटण हाताशी ठेवा.

*समेवरची घाई.* समेवर कॉर्ड बदलतो, आणि तुमचं बोट मित्राच्या बोटापेक्षा केसभर आधी पडतं. यंत्र तुमचा सूर जुन्या कॉर्डवर बसवतं. कॉर्डवाल्याने किंचित आधी हात टाकावा, दुसरा उपाय नाही.

*पायाचा पेडल.* कॉर्डवाल्याने सस्टेन दाबून ठेवला तर काही यंत्रांना जुने आणि नवे स्वर एकत्र ऐकू येतात आणि ती भलताच कॉर्ड ओळखतात. त्याला पाय बाजूला ठेवायला सांगा.

*दुहेरी आवाज.* लॅपटॉपचा आवाज वापरताना कीबोर्डचा स्वतःचा आवाजही ऐकू येत असेल तर ‘लोकल कंट्रोल’ बंद करा.

*उशीर.* लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये बफर २५६ असेल तर ४४,१०० च्या सॅम्पल रेटवर सुमारे ६ मिलिसेकंद लागतात, ५१२ ला जवळजवळ १२. तीन-साडेतीन मीटरवर बसलेल्या पेटीचा आवाज तुमच्या कानापर्यंत यायलाही साधारण १० मिलिसेकंद लागतात, तेव्हा सहा-सातला घाबरू नका. ब्लूटूथ स्पीकर किंवा ब्लूटूथ हेडफोन मात्र मंचावर आणूच नका, त्यांचा उशीर याच्या कितीतरी पट असतो.

*गुणगुण.* चार्जर काढल्यावर स्पीकरमधली गुणगुण थांबली तर दोष अर्थिंगचा. मंडपातल्या वायरमनच्या सल्ल्याने प्लगची अर्थची पिन कापू नका, भर पावसाळ्यात तर नाहीच. साउंडवाल्याकडे डीआय बॉक्स मागा किंवा तेवढा वेळ बॅटरीवर वाजवा.

बिदागी, रेकॉर्डिंग आणि बिल: तुमचे हक्क

सुपारी तोंडी घेऊ नका. तारीख, वेळ, बिदागी, आगाऊ रक्कम, पावसाने कार्यक्रम रद्द झाला तर काय, आणि साउंडचेकला किती वेळ, एवढं व्हॉट्सॲपवर लिहून घेतलं तरी पुरावा होतो. जुळणीसाठी अर्धा तास हवा हे त्यातच लिहा. तोंडी सांगितलेला अर्धा तास सत्काराच्या भाषणांत जातो.

वादक म्हणून कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ आणि ३८अ खाली तुमच्या वादनावर तुमचा हक्क आहे आणि त्याची मुदत ५० वर्षं आहे. तुमच्या संमतीशिवाय मंडळाने किंवा चॅनेलवाल्याने ध्वनिमुद्रण करून ते विकणं, प्रसारित करणं कायद्याला धरून नाही. कलम ३८ब प्रमाणे वादक म्हणून तुमचं नाव यावं असा आग्रहही तुम्ही धरू शकता. संमती देणार असाल तर कशासाठी देता ते लिहा: फक्त लाइव्ह, की कायमचा व्हिडिओ.

दुसरी बाजूही पाहा. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत आणि लग्नाच्या समारंभात गाणी वाजवायला कायद्याने सवलत दिली आहे. तिकीट लावलेल्या ऑर्केस्ट्राला ती मिळत नाही, तिथे परवाना आयोजकाने घ्यायचा. शब्द तुकोबांचे असले तरी चाल अलीकडच्या संगीतकाराची असू शकते, आणि तिच्यावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. मंडपात चालून गेलेली गोष्ट यूट्यूबवरही चालेल असं धरू नका.

कीबोर्ड घेताना जीएसटीचं बिल आणि दुकानाचा शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड घ्या, मुंबईहून ओळखीत घेतला तरी. सदोष वस्तू किंवा नाकारलेली वॉरंटी याबद्दल २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वस्तू मुंबईत घेतली असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे रत्नागिरीत, तक्रार दाखल करण्याची मुभा या कायद्याने दिली आहे.

प्रश्न पाठवताना

‘कीबोर्ड जुळत नाही’ एवढंच लिहिलंत तर उत्तर देता येत नाही. कीबोर्डचं पूर्ण मॉडेल, पेटी साधी की स्केल चेंजर, तिचे तिन्ही ‘सा’ ट्यूनरवर किती सेंट दाखवतात, आवाज कीबोर्डचा वापरता की लॅपटॉपचा, आणि कोणतं पद किंवा अभंग वाजवताना अडतं, हे पाच तपशील कळवा. आणि पत्र गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी नको, श्रावणातच पाठवा. पेटीच्या रीड साफ करायला कारागिराकडे द्यायच्या निघाल्या, तर त्याच्याकडेही भाद्रपदात रांग असते.